कोळसा खाणींच्या भूसुधारित जमिनीवरील तणनियंत्रण आणि हरितीकरणाची मानके (अमेरिका)

उघड्या खाणीतला कोळसा काढून झाल्यावर खड्डा भरायचा, उतार घडवायचा, वरची माती पुन्हा पसरायची आणि तिच्यावर टिकाऊ वनस्पती उभी करून ती ठरलेल्या निकषांवर तपासून घ्यायची, ही अमेरिकेत खाणचालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ३ ऑगस्ट १९७७ रोजी सही केलेला पृष्ठभागीय खाणकाम नियंत्रण व भूसुधार कायदा हा तिचा आधार. बहुतेक कोळसा-राज्ये केंद्राच्या मंजुरीने हा कायदा स्वतः राबवतात, त्यामुळे मोजणीच्या पद्धती आणि तणांच्या याद्या राज्यागणिक बदलतात.

कायद्याला नुसती हिरवळ पुरत नाही. वनस्पती विविध, परिणामकारक आणि कायमस्वरूपी हवी. ती त्या भागातल्या मूळ वनस्पतींच्या हंगामाशी जुळणारी आणि आपोआप पुन्हा उगवणारी असावी. परकी जात मंजूर भूवापरासाठी इष्ट आणि आवश्यक असेल तरच चालते. विषारी व उपद्रवी वनस्पतींबाबतचे राज्याचे आणि केंद्राचे कायदेही पाळावे लागतात.

जबाबदारीची मुदत पावसावर ठरते. वर्षाला सरासरी २६ इंचांहून (सुमारे ६६० मिमी) जास्त पाऊस पडतो तिथे ती ५ वर्षे, त्याहून कमी असेल तिथे १० वर्षे. मुदत शेवटच्या पेरणीनंतर, खते आणि पाणी देण्याचे काम संपल्यावर सुरू होते. मध्येच जमीन पुन्हा पेरली तर त्या तुकड्यापुरती मोजणी नव्याने चालू होते. मात्र खाण न झालेल्या शेजारच्या जमिनीवरही जी निगा नेहमीच राखली जाते, आणि जिला राज्याने ‘सामान्य मशागत’ म्हणून मान्यता दिली आहे, तिने घड्याळ मागे जात नाही. तण कापणे, फक्त तण असलेल्या जागीच तणनाशक मारणे, किडींचा बंदोबस्त ही कामे बहुधा यात बसतात. म्हणूनच मान्य कामांची यादी परवान्याच्या टप्प्यावरच लेखी असणे महत्त्वाचे.

भूसुधार पूर्ण होईल याची हमी म्हणून खाणचालकाने आधी ठेवलेली रक्कम तीन टप्प्यांत सुटते. भराव, उतार व निचरा पूर्ण झाल्यावर ६० टक्क्यांपर्यंत, वनस्पती रुजल्यावर आणखी काही आणि मुदत संपून सर्व निकष पूर्ण झाल्यावर उरलेली.

मोजणीत तीन गोष्टी येतात: जमिनीचे झाकण (वनस्पतींनी झाकलेला जमिनीचा भाग), उत्पादन, आणि झाडे-झुडपे लावली असतील तर त्यांची संख्या. मोजलेला आकडा मानकाच्या किमान ९० टक्के असला की तो पुरेसा मानतात. शेजारच्या अबाधित संदर्भ-भूखंडावर ६० टक्के झाकण असेल तर भूसुधारित जमिनीवर ५४ टक्के हवे. ही तुलना ९० टक्के सांख्यिकी विश्वासाने करावी लागते. इथेच तणांचा एक सहसा न दिसणारा तोटा समोर येतो. सरासरी झाकण ५० टक्के, प्रमाण विचलन (मोजणीगणिक आकड्यांतला चढउतार) १२ आणि १० टक्के चूक चालणार असेल, तर एकतर्फी चाचणीसाठी साधारण १० नमुने पुरतात. तणांच्या बेटांमुळे झाकण विस्कळीत होऊन विचलन २४ झाले की तेच नमुने ३८ होतात. शिवाय बऱ्याच राज्यांत उपद्रवी तणांचे झाकण हिशेबात धरलेच जात नाही, म्हणून लांबून भरगच्च दिसणारा भूखंडही नापास होऊ शकतो. कोरड्या भागात निकष सहाव्या वर्षानंतरच्या कोणत्याही दोन वर्षांत पूर्ण व्हावे लागतात. पहिल्या पावसाळी वर्षाची हिरवळ तिथे कामाला येत नाही.

तणांवरची खरी लढाई पेरणीच्या आधी, माती हलवतानाच ठरते. वरची माती काढून लगेच दुसऱ्या भरलेल्या जागेवर नेली तर तिच्यातले मूळ बी आणि सूक्ष्मजीव जिवंत राहतात. तीच वर्षानुवर्षे ढिगात पडली तर मूळ जातींचे बी मरते आणि ढिगावर वाढलेल्या तणांचे बी साठत जाते. ढिगावर तात्पुरते गवत पेरणे आणि तण फुलोऱ्यात येण्याआधी कापणे हा यावरचा स्वस्त उपाय. कॅनडा थिसल या काटेरी तणाच्या मुळांचे बारीक तुकडेही फुटतात, त्यामुळे त्याने व्यापलेली माती खरवडून पसरणे म्हणजे त्याची लागवडच. असा भाग आधी फवारून, वेगळा नोंदवून हलवावा. यंत्रे धुणे आणि आच्छादनासाठी तणमुक्त प्रमाणित पेंढाच वापरणे, ही कंटाळवाणी कामे सर्वांत फळ देतात.

बियाण्याचा हिशेब शुद्ध, जिवंत बियांवर करतात. शुद्धता ९० टक्के आणि उगवणशक्ती ८० टक्के असेल तर पोत्यातले ७२ टक्केच बी खरे, म्हणजे हेक्टरी १० किलो हवे असल्यास जवळपास १४ किलो पेरावे लागते. देशी गवतांचे बारीक बी साधारण एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले की वर येत नाही. सेजब्रश या झुडपाचे बी तर पृष्ठभागावरच टाकतात. पहिल्या वर्षी नत्रखताचा मारा केला तर त्याचा फायदा झपाट्याने वाढणाऱ्या वार्षिक तणांनाच होतो.

पश्चिमेकडे रशियन थिसल आणि कोशिया ही वार्षिक तणे पहिल्या हंगामात उसळतात, पण बहुवर्षायू गवत रुजले की बहुधा मागे पडतात. घाबरून फवारण्यापेक्षा रोपांच्या उंचीच्या वर कापणी करणे शहाणपणाचे. चीटग्रास या वार्षिक तणगवताचे वागणे वेगळे. ते शरद ऋतूत उगवते, वसंतातला ओलावा आधीच पिऊन टाकते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळून आगीला आमंत्रण देते. लीफी स्पर्ज या तणाची मुळे काही मीटर खोल जातात. तिथे एका फवारणीने काम होत नाही. हे तण खाणारे अफ्थोना भुंगेरे त्यावर सोडावे लागतात आणि वर्षानुवर्षे दाब ठेवावा लागतो. पिक्लोरॅम, क्लोपायरॅलिडसारखी रुंद पानांवर चालणारी तणनाशके मातीत रेंगाळतात आणि ज्या फुलझाडांनी, झुडपांनी विविधतेचा निकष पूर्ण व्हायचा त्यांनाच मारतात. सरसकट फवारणी म्हणूनच झाकण वाचवते आणि विविधता गमावते.

पूर्वेकडील अॅपलेशिया या डोंगराळ प्रदेशात तर तणाचा एक भाग भूसुधारानेच पेरला. धूप थांबवून लवकर दाट झाकण दाखवायचे म्हणून केंटकी-३१ फेस्क्यू हे गवत, सेरिसिया लेस्पेडिझा ही शेंगवर्गीय वनस्पती आणि ऑटम ऑलिव्ह हे झुडूप मोठ्या प्रमाणात लावले गेले. जड यंत्रांनी दाबलेल्या मातीवर ही झाडी तगली, पण तिच्यात ओक आणि टुलिप पॉप्लर या देशी वनवृक्षांची रोपे गुदमरली. २००४ मध्ये सुरू झालेल्या अॅपलेशियन प्रादेशिक पुनर्वनीकरण उपक्रमाने याला उत्तर म्हणून किमान ४ फूट (१.२ मीटर) सैल मातीचा थर, कमीत कमी सपाटीकरण आणि झाडांशी स्पर्धा न करणारे विरळ झाकण सुचवले. सुरुवातीला जमीन उघडी दिसते, पण सैल मातीत पाणी मुरत असल्याने धूप फार होत नाही. वनभूमीसाठी झाकणाचे मानकही त्यामुळे धूप रोखण्याइतके आणि भूवापराला पुरेल इतकेच ठेवता येते. मोजणीच्या वेळी किमान ८० टक्के झाडे-झुडपे मुदतीच्या ६० टक्के काळापासून तिथे असावी लागतात, म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीत तीन वर्षे. शेवटच्या वर्षी रिकाम्या जागी रोपे लावून आकडा जुळवता येत नाही.

हमी कधीच सुटलेल्या जुन्या गवताळ खाणजमिनींवर आता उलट क्रमाने काम चालते. आधी परकी झुडपे काढून फेस्क्यू व सेरिसियावर तणनाशक फवारतात, मग बुलडोझरच्या लांब दात्याने घट्ट थर मीटरभर खोल फोडतात आणि त्या चिरांच्या बाजूने देशी झाडांची रोपे लावतात.