नऊ प्रश्न आणि दहाचा आकडा

गेल्या दोन आठवड्यांत झोप बिघडली का? थकवा जाणवला? नेहमीच्या कामांत मन रमेना? मोबाईलवर नैराश्याची चाचणी शोधली की अनेकदा हेच नऊ प्रश्न पुढे येतात. प्रश्नावलीचं नाव पीएचक्यू-९. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००१ साली ती तपासून मांडली, तीही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या साध्या दवाखान्यांसाठी. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा झाले की धोक्याची घंटा.

चाचणी वाईट नाही. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा प्रत्यक्ष मुलाखतीत नैराश्य आढळलेल्या १०० जणांपैकी ८८ जण या प्रश्नावलीने ओळखले होते. नैराश्य नसलेल्या १०० पैकी ८५ जणांना तिने बरोबर सोडून दिलं.

आकडे भरघोस वाटतात. पण आता हजार माणसं घ्या आणि त्यांतल्या ५० जणांना खरंच नैराश्य आहे असं धरा. चाचणी ४४ जणांना पकडेल. उरलेल्या ९५० मधले १५ टक्के, म्हणजे १४० च्या वर लोकही जाळ्यात येतील. दहा किंवा जास्त गुण मिळालेल्या चौघांत खरा आजारी जेमतेम एक! चाचणी तीच, माणसं कोण आहेत यावर तिच्या निकालाची किंमत ठरते. मन खचलंय म्हणूनच जो चाचणी शोधत येतो, त्याच्या बाबतीत तो निकाल अधिक भरवशाचा. कुणीतरी लिंक पाठवली म्हणून गंमत म्हणून भरली, तर बराच कमी.

शिवाय थकवा, झोप, भूक हे प्रश्न शरीराचेही आहेत. रक्त कमी असलेली बाई किंवा थायरॉईडचा रुग्ण इथे सहज चार-पाच गुण मिळवतो. घरातलं कुणी नुकतंच वारलंय असा माणूसही. उलट, पूर्वी कधी झोपेशिवाय दिवसेंदिवस अफाट उत्साहात काढले होते का, हे प्रश्नावली विचारतच नाही. नैराश्य आणि असा अतिउत्साह आलटून पालटून येणारा बायपोलर आजार ओळखायला नेमकं तेच विचारावं लागतं, कारण त्याचे उपचार वेगळे असतात.

भाषेचाही घोळ आहे. आपल्याकडे ‘मी निराश आहे’ असं किती जण म्हणतात? ‘जीव लागत नाही’, ‘डोकं जड झालंय’ म्हणतात. पुस्तकी मराठीतल्या प्रश्नावर असा माणूस बिनदिक्कत शून्य टेकवतो.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. दवाखान्यात ‘कधीतरी’वर खूण दिसली की डॉक्टर पेन खाली ठेवून बोलायला लागतात. वेबपानावर त्या खुणेचा फक्त एक गुण होतो. तिथे खूण करावीशी वाटली तर बेरीज राहू द्या. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेला १४४१६ वर फोन लावा.