पार्श्वभूमी : घोड्यांच्या उवा, लिखा आणि दुसरा डोस

थंडी वाढली की काही घोडे तबेल्याच्या खांबाला मान घासायला लागतात. आयाळीच्या बुडाशी, शेपटीच्या मुळाशी केस विरळ होतात आणि अंगावर कसर लागलेल्या घोंगडीसारखे चट्टे दिसू लागतात. बरेच मालक आधी खुराकाला दोष देतात, चंदी कमी-जास्त करून बघतात. पण आयाळ बाजूला सारून, केस मुळापाशी फाकवून चांगल्या उजेडात पाहिलं, तर केसाला चिकटलेले फिकट दाणे दिसतात. त्या लिखा, म्हणजे उवांची अंडी. कातडीवर जे हळूहळू सरकताना दिसतं, ती ऊ.

घोड्याला दोन प्रकारच्या उवा होतात. बोव्हिकोला इक्वाय ही एक-दोन मिलिमीटरची, पिवळसर रंगाची. ती कातडीचा कोंडा खाते. हिमॅटोपायनस असिनाय तिच्यापेक्षा मोठी, तीन मिलिमीटरच्या वर, काळसर. ती रक्त शोषते. ती फार झाली तर शिंगराच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. माणसाच्या अंगावर या दोन्ही टिकत नाहीत. ऊ आपलं सगळं आयुष्य घोड्याच्या अंगावरच काढते, अंडी केसाला घट्ट चिकटवते. आठवडा ते तीन आठवड्यांत पिल्लू बाहेर येतं आणि पुढच्या काही आठवड्यांत तेही अंडी घालायला लागतं. या उवांवर आजवर जे जे उपाय झाले, त्यांतला जवळजवळ प्रत्येक उपाय त्या चिकटलेल्या अंड्यापाशी येऊन अडखळला आहे: ऊ मरते, लीख मरत नाही, म्हणून पिल्लं बाहेर आल्यावर औषधाचा दुसरा डोस द्यावा लागतो. पुढचा सगळा इतिहास मला तरी याच एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो.

माणसाला या प्राण्याची ओळख जुनी, पण गैरसमजही तितकेच जुने. केसाळ जनावरांना उवा होतात, अपवाद फक्त गाढवाचा, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं. 1668 मध्ये फ्रांचेस्को रेदी या इटालियन वैद्याने कीटकांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गाढवाच्या उवेचं चित्रच छापलं. उवा घामातून, मळातून आपोआप जन्मतात ही समजूत त्या काळी पक्की होती. कीटक अंड्यातून येतात, हे रेदीने मांसावर बसणाऱ्या माश्यांवरच्या प्रयोगांनी दाखवलं. 1758 मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने गाढवावरच्या उवेला शास्त्रीय नाव दिलं. घोड्याचं रक्त पिणारी ऊ तीच. कोंडा खाणाऱ्या उवेचं वर्णन हेन्री डेनी या इंग्रज अभ्यासकाने 1842 मध्ये केलं.

शास्त्राची वाट न पाहता घोडेवाल्यांनी आपला बंदोबस्त केव्हाच सुरू केला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान घालावं असा त्यात दंडक आहे, आणि उपचारातल्या हयगयीने रोग बळावला तर खर्चाच्या दुप्पट दंड. आपल्याकडच्या पागांमध्ये मोतद्दाराचं, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याचं, रोजचं काम म्हणजे खरारा. लोखंडी दातांचा खरारा केसांच्या उलट-सुलट फिरवला की कोंडा, मळ आणि सुटी झालेली ऊ खाली पडते. चिकटलेली लीख मात्र सहसा जागची हलत नाही. शिवाय एकच खरारा दहा घोड्यांवर फिरला, तर एका घोड्याची ऊ दहाही घोड्यांवर जाते. खराऱ्यासारखा रोजचा, बिनखर्चाचा उपाय दुसरा नाही, पण तोच सगळ्या तबेल्यात उवा पोचवू शकतो.

गावठी औषधंही होती: करंजाचं तेल, तंबाखूचं पाणी, सीताफळाच्या बियांची पूड. यांपैकी कशालाच मी थोतांड म्हणणार नाही. तेलाने उवा गुदमरतात, तंबाखूतलं निकोटिन आणि सीताफळाच्या बीमधली द्रव्यं कीटकांना खरोखर मारतात. पण सीताफळाची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आणि तंबाखूचा काढा जास्त झाला तर जनावरालाच विषबाधा. युरोपात तर पाऱ्याचं मलम आणि सोमलही (आर्सेनिक) वापरत. घोडा अंग चाटतो, शेजारच्या घोड्याची मान चावून खाजवतो. मग ते विष सरळ पोटात जायचं.

उवांचा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर समोर आला तो पहिल्या महायुद्धात. फ्रान्सच्या आघाडीवर लाखो घोडे चिखलात, एकमेकांना खेटून, अर्धपोटी उभे असत. उवा आणि खरूज पसरायला याहून चांगली परिस्थिती ती कोणती? पुण्याचं नाव लावणारी 34 वी पूना हॉर्स ही रेजिमेंटही 1914 पासून तिथेच होती. उवा-खरूज दिसावी आणि औषध कातडीपर्यंत पोचावं म्हणून ब्रिटिश सैन्याने घोड्यांचे केस सरसकट भादरले. उपाय तर्काला धरून होता, पण 1916-17 चा हिवाळा कडाक्याचा निघाला. अंगावर केस नाहीत, पोटाला पुरेसं नाही, अशा अवस्थेत त्या वसंतात उत्तर फ्रान्समधल्या अरासच्या लढाईच्या सुमारास घोडे मोठ्या संख्येने दगावले. पुढे भादरण्याचे नियम बदलावे लागले. परजीवीपेक्षा उपाय महाग पडल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. आजही भर थंडीत, झूल न घालता, अशक्त तट्टाचे केस कापणाऱ्याने ते आठवावं.

त्याच युद्धात गंधकाच्या धुराच्या खोल्या आल्या. घोड्याला लाकडी खोलीत उभं करायचं, डोकं भोकातून बाहेर काढायचं, मानेभोवती कापड घट्ट आवळायचं आणि आत सल्फर डायऑक्साइड सोडायचा. धड निघायचं साफ. पण डोकं बाहेर राहिलेलं, म्हणून तिथे हाताने औषध चोळावं लागे. तेवढ्यात कसूर झाली तर कपाळावरच्या झुलपातून उवा पुन्हा अंगभर पसरत.

1939 मध्ये पाउल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला. त्याबद्दल 1948 चं नोबेल त्याला मिळालं. 1943-44 च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्समध्ये टायफसची, म्हणजे उवांमुळे पसरणाऱ्या तापाची, साथ आटोक्यात आली, ती माणसांच्या अंगावर ही भुकटी फवारून. युद्धानंतर डीडीटी आणि बीएचसी हे तसंच दुसरं कीटकनाशक गोठ्या-तबेल्यांत शिरले. लीख डीडीटीनेही मरत नव्हती. पण भुकटी केसांत आठवडेच्या आठवडे टिकायची, त्यामुळे अंड्यातून निघालेलं पिल्लू लगेच मरायचं. दुसऱ्या डोसचं काम पहिलाच डोस करायचा. मात्र हेच टिकून राहणं माती-पाण्यात आणि प्राण्यांच्या चरबीत घातक ठरलं. अमेरिकेने 1972 मध्ये डीडीटीवर बंदी घातली. भारतात 1989 मध्ये शेतीतला वापर थांबला, तर बीएचसी 1997 मध्ये बंद झालं.

पुढची पिढी परमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड या कृत्रिम कीटकनाशकांची. ती घोड्याला बरीच सुरक्षित, पण मांजराला जीवघेणी. तबेल्यातल्या मांजराला औषध लावलेल्या घोड्यापासून आणि झुलीपासून दूर ठेवलं पाहिजे. 1981 मध्ये जनावरांसाठी आयव्हर्मेक्टिन हे जंतांचं औषध बाजारात आलं आणि जंतांची पेस्ट दिली की उवाही जातात, अशी समजूत पसरली. ती अर्धीच खरी आहे. पोटातून दिलेलं औषध रक्तात उतरतं. रक्त पिणाऱ्या उवेला ते लागू पडतं, कोंडा खाणारीपर्यंत ते नीट पोचत नाही. म्हणून ऊ कोणती, हे पशुवैद्याकडून ओळखून घेणं गरजेचं.

आता पायरेथ्रॉइडही अपुरी पडू लागली आहेत. ब्रिस्टल विद्यापीठातल्या अभ्यासात गाढवांच्या कोंडा खाणाऱ्या उवांना ती नीट मारत नसल्याचं 2012 च्या सुमारास आढळलं. त्यामुळे संशोधकांनी टी-ट्री आणि लॅव्हेंडर तेलाचा पातळ फवारा ब्रशने अंगात जिरवून पाहिला, आणि उवा बऱ्याच कमी झाल्या. तेल आणि खरारा पुन्हा कामाला आले, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र हे तेल शुद्ध स्वरूपात कातडीवर लावायचं नाही.

आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला, म्हणजे ऐन थंडीत भरतो. दूरदूरचे घोडे एकाच मैदानात बांधलेले असतात. तिथून आणलेलं जनावर घरच्यांपासून निदान दोन-तीन आठवडे वेगळं बांधावं. खरारा, झूल, खोगिराखालची गादी त्याचीच वेगळी. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे एका दावणीला अनेकांची घोडी उभी असतात, तिथे एकट्या मालकाने औषध करून भागत नाही. शेजारच्यांनीही त्याच दिवशी करावं लागतं. पहिल्या डोसनंतर खाज थांबते आणि दुसरा राहून जातो, ही सगळीकडचीच गत. दहा ते चौदा दिवसांनी, पशुवैद्याने सांगितलेल्या तारखेला, खाज असो वा नसो, तो द्यायचाच. त्यानंतर पुन्हा आयाळ फाकवून बघायचं. रिकामी टरफलं केसाला महिनाभर चिकटून राहतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. कातडीलगत भरलेली नवी लीख दिसली, तर मात्र औषध बदलायला हवं.