6बी ची पेन्सिल शार्पनरमध्येच का मोडते? टोक काढण्यामागचं विज्ञान

एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणाऱ्या मुलांचं पाऊच उघडून बघा. एचबी, 2बी, 4बी, 6बी, भूमितीसाठी एखादी 2एच, रंगीत पेन्सिलींचा डबा, जरा मोठा मुलगा असेल तर चारकोल पेन्सिलसुद्धा, आणि ह्या सगळ्यांना शार्पनर मात्र एकच. मग 6बी ला टोक काढता काढता ते आतच तुटतं, परत फिरवलं की परत तुटतं, आणि चित्र न काढताच अर्धी पेन्सिल कचऱ्यात जाते. घरचे म्हणतात कंपनी बदल. कधीकधी पेन्सिल खरंच वाईट असते, नाही असं नाही, पण बहुतेक वेळा ती पेन्सिल आणि टोक काढायची पद्धत ह्यांचं जुळत नसतं, आणि का जुळत नाही हे कळायला शिसं बनतं कशाचं इथून सुरुवात करावी लागते.

आपल्या साध्या पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. इंग्लंडमधल्या बॉरोडेलला सोळाव्या शतकात इतकं शुद्ध ग्रॅफाइट सापडलं होतं की त्याच्या सरळ कांड्या कापून वापरायचे. पुढे फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध सुरू झालं, तिकडचा माल फ्रान्सला मिळेना, तेव्हा निकोला-जाक काँते ह्यांनी ग्रॅफाइटची पूड मातीत मळून, कांड्या करून भट्टीत भाजायची पद्धत काढली आणि 1795 मध्ये तिचं पेटंट घेतलं. आजही मूळ पद्धत तीच आहे, साधारण 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात आणि मग गुळगुळीत चालावं म्हणून कांडीत मेण मुरवतात. माती जास्त घातली की शिसं कडक आणि फिकट, ती एच बाजू, ग्रॅफाइट जास्त की मऊ आणि काळं, ती बी बाजू. म्हणजे 2एच आणि 6बी बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतला माल ताकदीला अजिबात सारखा नाही. एकीत बांधून ठेवणारी भाजलेली माती भरपूर आहे, दुसरीत अगदी थोडी.

आता भाजलेल्या मातीच्या वस्तूंचा एक स्वभाव असतो, दाबलं तर त्या बराच जोर सोसतात पण ताणलं की पटकन तडकतात. पेन्सिल आपण तिरकी धरतो, त्यामुळे कागद टोकाला नुसता दाबत नाही, वाकवतोसुद्धा, आणि वाकताना शिशाची एक बाजू दाबली जाते तर दुसरी ताणली जाते. तडा त्या ताणलेल्या बाजूने जातो. आपल्याला वाटतं टोक अगदी शेंड्याला तुटत असेल, तसं होत नाही. 1979 मध्ये क्रॉनक्विस्ट ह्यांनी अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये फक्त ह्याच प्रश्नावर लेख लिहिला होता, टेबलावर पडलेली तुटकी टोकं साधारण एकाच मापाची का असतात म्हणून. निमुळत्या कांडीचं साधं गणित मांडलं तर उत्तर येतं की सगळ्यात जास्त ताण शेंड्याच्या दीडपट जाडी असेल तिथे पडतो. शेंडा 0.4 मिलिमीटर असेल तर जिथे शिसं 0.6 मिलिमीटर होतं तिथे ते तुटणार, म्हणजे नेहमीच्या टोकाला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा पडणार. मला हे गणित फार आवडतं, कारण त्यातून हाताशी येण्यासारख्या दोन गोष्टी निघतात. शेंडा दुप्पट जाड केला तर तो मोडायला चौपट जोर लागतो. आणि उतार निम्मा केला, म्हणजे टोक लांबट केलं, तर निम्म्याच जोरात मोडतं. त्यामुळे टोक काढून झाल्यावर रफ कागदावर हलकेच दोन रेघा मारून शेंडा किंचित बोथट करायचा, मगच चित्राला हात लावायचा. सुईसारखं टोक पहिल्याच रेघेला का तुटतं आणि नंतर का टिकतं, ते ह्यात आलं.

शार्पनरमध्ये शिशावर अजून एक संकट येतं ते पिळाचं. पातं एका जागी घट्ट बसवलेलं असतं आणि आपण पेन्सिल फिरवतो, म्हणजे लाकूड आणि शिसं दोन्ही एकदमच तासलं जातं. पातं धारदार असेल तर लाकडाची सलग, लांब फीत निघते, बोथट असेल तर लाकडाचे तुकडे निघतात, मग आपण जास्त दाबतो, जास्त पिळतो, आणि मऊ शिसं बिचारं आतच तुटतं. फीत सलग येईनाशी झाली की शार्पनर बदलायचा, इतकं सोपं आहे ते, आणि तरी एकच शार्पनर वर्षानुवर्षं वापरणारी घरं भरपूर आहेत. एचबी, 2बी पर्यंत चांगल्या पात्याचा साधा शार्पनर पुरतो, टेबलावर बसवायचं हँडलवालं मशीन असेल तर अजून चांगलं, त्यात पेन्सिल सरळ पकडली जाते आणि चारी बाजूंनी सारखी कापली जाते.

4बी च्या पुढे मात्र ब्लेड किंवा कटर हातात घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. डाव्या हातात पेन्सिल, टोक आपल्यापासून लांब, उजव्या हातात कटर, पण कापायचा जोर उजव्या हाताचा नाही, डाव्या हाताच्या अंगठ्याने कटरची बोथट पाठ पुढे ढकलायची, उजव्या हाताने पातं फक्त तिरकं धरून ठेवायचं. पातं निसटण्याची भीती त्यामुळे खूप कमी होते आणि साल हवी तितकी पातळ निघते. एक साल काढली की पेन्सिल थोडी फिरवायची, परत एक. लाकडाचा उतार दोन-अडीच सेंटिमीटर आणि उघडं शिसं साधारण एक सेंटिमीटर, इथपर्यंत फक्त लाकूड काढायचं, पात्याने शिसं दाबायचं नाही. मग बारीक पॉलिश पेपरवर शिसं आडवं टेकवून, फिरवत फिरवत हवं तसं टोक घासायचं. ह्या पद्धतीत शिशाला पीळ बसतच नाही, म्हणून 8बी सुद्धा शाबूत राहते. घासताना पडणारी काळी पूड टाकून देऊ नका, छोट्या डबीत भरून ठेवा, शेडिंगमध्ये कापसाने किंवा कागदाच्या स्टंपने लावायला मस्त चालते. लहान मुलांच्या हातात ब्लेड द्यायचं नाही, त्यांना मोठ्यांनी करून द्यावं.

इथे कोणीतरी विचारेलच की लांब टोक निम्म्या जोरात मोडतं म्हणालात आणि आता एवढं लांब शिसं उघडं ठेवायला सांगताय. प्रश्न बरोबर आहे, उत्तर पकडीत आहे. लिहिताना आपण पेन्सिल शेंड्यावर उभी करून दाबतो, शेडिंग करताना ती हाताखाली आडवी धरतो आणि शिशाची कूस कागदावर फिरते, त्यामुळे जोर कमी लागतो आणि तोही एका ठिपक्यावर न पडता लांबीवर वाटला जातो. लांब टोक शेडिंगचंच आहे, त्याने लिहायला बसाल तर मोडेल.

एच पेन्सिलींचं गणित वेगळं. माती जास्त म्हणून शिसं मजबूत, झिजही कमी, त्यामुळे बारीक टोक परवडतं. पण भूमितीत लांब सरळ रेघा मारायच्या असतील तर गोल टोकापेक्षा छिन्नीसारखं चपटं टोक बरं, दोन बाजूंनी पॉलिश पेपरवर घासलं की होतं. पट्टीलगत चपटी बाजू ठेवून रेघ ओढली की ती बराच वेळ एकाच जाडीची येते, कारण रेघेच्या दिशेने झिजायला शिसं भरपूर असतं. कंपासातलं शिसं बाहेरच्या बाजूने तिरपं घासतात.

चारकोल पेन्सिल सगळ्यात नाजूक. ह्यात कोळशाची पूड नुसती बाइंडरने चिकटवलेली असते, शार्पनरचा पीळ तिला झेपत नाही. कटर, पातळ साल, पॉलिश पेपर, दुसरा मार्ग नाही. काही चारकोल पेन्सिलींना लाकडाऐवजी कागद गुंडाळलेला असतो, दोरा ओढायचा आणि कागद सोलायचा, त्यांची कटकटच नाही.

रंगीत पेन्सिलीचं शिसं भट्टीत जात नाही, गेलं तर मेण वितळून जाईल आणि बरेचसे रंगही टिकणार नाहीत. रंगद्रव्य, मेण किंवा तेल आणि बाइंडर एकत्र करून कांडी नुसती सुकवतात. म्हणून ती मऊ असते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात डबा राहिला तर अजूनच मऊ पडते, तेव्हा आधी सावलीत गार होऊ द्या आणि मग टोक काढा. ह्या जाड शिशाला मोठ्या भोकाचा, आखूड टोक काढणारा शार्पनर घ्यावा, आखूड टोक म्हणजे जास्त उतार आणि जास्त ताकद, वरचंच गणित. मेण पात्याला चिकटून बसतं, मधूनच साधी ग्रॅफाइटची पेन्सिल त्यात फिरवली की बरंचसं निघून येतं. वॉटरकलर पेन्सिल ओली असताना शार्पनरमध्ये घालू नका, पाण्याने तिचा बाइंडर सुटलेला असतो, नीट सुकू द्या.

एवढं सगळं करूनही एखादी पेन्सिल तुटतच राहिली तर ती कधीतरी फरशीवर पडली असणार. लाकडाला काही होत नाही, आतल्या शिशाला मात्र जागोजागी तडे जातात आणि प्रत्येक वेळी नवा तुकडा हातात येतो. किंवा शिसं मुळातच लाकडाच्या मधोमध नसतं. पेन्सिल बनते ती खाचा पाडलेल्या दोन लाकडी पट्ट्यांमध्ये शिसं चिकटवून (काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यात पॉप्लरच्या अशा पट्ट्या मोठ्या प्रमाणावर तयार होतात), आणि खाच जरा सरकली की शिसं एका बाजूला जातं. मग शार्पनरमध्ये एकीकडे शिसं उघडं पडतं, दुसरीकडे लाकूड शेंड्यापर्यंत चढतं, आणि कितीही फिरवलं तरी ते सुधारत नाही. तेव्हा दुकानातच टोक न काढलेल्या बाजूने पेन्सिल डोळ्यासमोर धरून बघा, काळा ठिपका बरोबर मध्यावर असेल तीच घ्या.