छातीत धडधड, रिपोर्ट नॉर्मल: एका तक्रारीचा दीडशे वर्षांचा मागोवा

ऐन पंचविशीतली मुलंमुली छातीत कळ येतेय, श्वास पुरत नाही म्हणून रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत येतात. ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं, सगळं ठीक असतं. ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून ती घरी जातात आणि थोड्या दिवसांनी पुन्हा येतात. हे आजच्या स्पर्धा परीक्षांचं, रात्रपाळ्यांचं नवं दुखणं आहे असं सर्रास बोललं जातं. पण या तक्रारीचा वैद्यकीय इतिहास अमेरिकन यादवी युद्धापर्यंत मागे जातो. तेव्हाचे रुग्णही विशी-तिशीतलेच होते.

त्या युद्धात (१८६१ ते १८६५) फिलाडेल्फियातल्या टर्नर्स लेन या लष्करी रुग्णालयात डॉ. जेकब मेंडिस द कोस्टा यांच्याकडे असे सैनिक येऊ लागले. साधारण कहाणी अशी: धडधाकट तरुण भरती होतो, काही महिने नीट काम करतो, मग तापाने किंवा जुलाबाने आजारी पडतो. बरा होऊन पलटणीत परततो, तर पाठीवरच्या सामानासह चालताना त्याला धाप लागते, छातीत धडधड आणि कळ सुरू होते, चक्कर येते आणि तो रांगेतून मागे पडतो. डाव्या कुशीवर झोपलं की त्रास वाढतो. नाडी फार जलद चालते, पण आडवं झाल्यावर झपाट्याने उतरते. द कोस्टा यांनी तीनशेहून अधिक सैनिक तपासले आणि १८७१ मध्ये सविस्तर निबंध छापला. एक तृतीयांशाहून अधिक जणांच्या बाबतीत त्यांना कारण सापडलं ते मोहिमेवरच्या अतिश्रमांचं, विशेषतः लांबच लांब कूच करण्याचं. या अवस्थेला त्यांनी ‘चिडखोर हृदय’ म्हटलं. या माणसांवर ढोंगाचा शिक्का मारून ते मोकळे झाले नाहीत, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. त्यांनी रोज नाडी मोजली, औषधं देऊन पाहिली, कोण कामावर परतला याची नोंद ठेवली.

इंग्लंडमध्ये त्याच सुमारास, १८७० साली, लष्करी शल्यचिकित्सक आर्थर मायर्स यांनी दोष दिला तो घट्ट गणवेशाला आणि छातीवर आवळणाऱ्या पट्ट्यांना.

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न फार मोठा झाला. हजारो ब्रिटिश सैनिक ‘हृदयाचं बिघडलेलं कार्य’ असा शेरा घेऊन आघाडीवरून परत येऊ लागले. तेव्हाचे बरेच डॉक्टर स्टेथोस्कोपने हृदयात जरासा जादा आवाज ऐकला की हृदयविकार ठरवत आणि सक्त विश्रांती सांगत. महिनोन्महिने खाटेवर पडून राहिलेला तरुण आणखी अशक्त होई, आणि आपलं हृदय कामातून गेलंय ही त्याची खात्रीच पटे. हे चक्र तोडलं ब्रिटिश हृदयतज्ज्ञ थॉमस लुइस यांनी. हॅम्पस्टेडच्या आणि पुढे कोलचेस्टरच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी या माणसांना उठवलं आणि पायरीपायरीने वाढत जाणारी कवायत करायला लावली: आधी हलके हातपाय हलवणं, मग जोरकस व्यायाम, शेवटी लांबची चाल. कोण कामावर जाण्याजोगा आहे हे त्या कवायतीत तो किती टिकतो यावर ठरे. निरोगी माणसाला खूप धावल्यावर जे होतं, तेच या रुग्णांना थोड्याशा श्रमाने होतं, असं लुइस यांचं निरीक्षण होतं. म्हणून त्यांनी नाव दिलं ‘एफर्ट सिंड्रोम’.

दुसऱ्या महायुद्धात पॉल वूड यांनी हेही मत खोडलं. (हे मोठे हृदयतज्ज्ञ जन्मले ते आपल्याकडे, निलगिरीतल्या कुन्नूरला.) लंडनच्या मिल हिल इथल्या रुग्णांवरून त्यांनी १९४१ मध्ये मांडलं की या तक्रारींचं मूळ श्रमांत नसून भीतीत आहे. भ्यालेल्या माणसाचं शरीर जे करतं तेच इथे दिसतं, आणि हा त्रास युद्धाशी काहीही संबंध नसलेल्या लोकांतही आढळतो.

श्वासाचा धागा वेगळाच पुढे गेला. घाबरल्यावर माणूस नकळत भराभर श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड त्यामुळे उतरतो, रक्ताची आम्लता कमी होते, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. ओठ-बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. ऑक्सिजन पुरेसा असूनही श्वास अपुरा वाटतो, म्हणून माणूस आणखी जोरात ओढतो. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी हा संबंध स्पष्ट मांडला, आणि पुढे तोंडाला कागदी पिशवी लावायचा उपाय घरोघरी गेला. तो धोक्याचा ठरू शकतो. त्रास खरोखर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल, तर पिशवीत श्वास घेऊन ऑक्सिजन आणखी कमी होतो, आणि असे मृत्यू नोंदले गेले आहेत. शिवाय १९९६ मध्ये डच संशोधकांनी दाखवलं की जलद श्वास घेत असताना कार्बन डायऑक्साइड उतरू दिला नाही, तरी अनेकांना तोच त्रास होतो. म्हणजे सगळा दोष श्वासावर टाकता येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या सुमारास मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी इमिप्रामिन हे तेव्हा नवं असलेलं औषध घबराटीचे झटके येणाऱ्या काही रुग्णांना दिलं. रुग्ण म्हणत, काही फरक नाही. पण वॉर्डातल्या परिचारिकेच्या लक्षात आलं की ‘मी मरतोय’ म्हणत दिवसातून अनेकदा तिच्या टेबलाकडे धावत येणारा माणूस आता येत नाही. एकाएकी येणारा झटका आणि सततची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या कामातून पुढे आलं. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात ‘पॅनिक डिसऑर्डर’ (घबराटीच्या अशा झटक्यांचा विकार) स्वतंत्रपणे नोंदला गेला. आज त्यावर समुपदेशनाच्या ठरावीक पद्धती आहेत, औषधं आहेत, आणि बहुतेकांना गुण येतो.

आपल्याकडे मात्र या इतिहासाला एक जोड द्यावीच लागते. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांच्या पहिल्या हार्ट अटॅकचं सरासरी वय ५३ निघालं, इतरत्र ते जवळपास ५९ होतं. म्हणून ‘वय लहान आहे, टेन्शनच असेल’ हे वाक्य तपासणीआधी कुणीच बोलू नये, मग तो डॉक्टर असो वा घरचा माणूस. चालताना किंवा जिना चढताना येणारी कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी वेदना, दरदरून घाम, शुद्ध हरपणं, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, नुकत्याच येऊन गेलेल्या तापानंतरची धाप, एका बाजूला एकाएकी उठलेली तीव्र कळ: यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करावा. एक ईसीजी नॉर्मल आला तरी ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागू शकते. आणि हे सगळं खरोखर ठीक निघालं, तर रुग्णाला ‘काही नाही’ म्हणून परत धाडू नये. त्रास कशाने होतो ते समजावून सांगावं, हळूहळू चालणं-फिरणं पुन्हा सुरू करून द्यावं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी त्याच भेटीत हातात द्यावी.