पाकिस्तानी मित्र असणं हा गुन्हा नाही

‘पाकिस्तानातल्या कुणाशी चॅट केलं की पोलीस उचलतात’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. सामान्य नागरिकाने कराचीतल्या माणसाशी क्रिकेटवर किंवा बिर्याणीत बटाटा असावा का यावर गप्पा मारू नयेत, असा कायदा भारतात नाही. (कराचीत बटाटा घालतात. वाद तिथूनच पेटतो.)

गैरसमजाचं मूळ आहे १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात. त्यात गुन्हा आहे तो शत्रूच्या उपयोगी पडेल अशी गुप्त माहिती मिळवण्याचा, पुरवण्याचा. परकीय हस्तकाशी संपर्क हा तिथे हेरगिरीच्या खटल्यातला पुरावा ठरू शकतो. २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञाला एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) अटक केली, तेव्हा आरोप संवेदनशील माहिती दिल्याचा होता. बातम्यांत मात्र ‘पाकिस्तानी महिलेशी चॅटिंग’ एवढंच ठळक दिसलं.

सैन्यात असाल तर गोष्ट वेगळी, तिथले नियम कडक आहेत. २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुकसह ८९ अ‍ॅप काढायला लावली होती. बाकीच्यांनीही समोरचा छावणी, रेल्वे हालचाली, बंदरांचे फोटो मागू लागला, की सरळ ब्लॉक करावं. बटाट्यावर भांडणारा चालेल.