सैल स्लाइडला टेप गुंडाळायचा का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बँडवाल्यांत एक तोडगा वर्षानुवर्षं चालत आलाय: ट्रम्पेटची ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायला आतबाहेर सरकवायची नळी) सैल झाली की नळाची पांढरी टेप गुंडाळा, नाहीतर पक्कडीनं नळी जरा चेपा. वरातीपुरतं भागतं, पण दुरुस्ती नव्हे ती.

स्लाइड म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या. झीज दोन्ही नळ्यांची होते, तीही सगळीकडून थोडी थोडी. पक्कडीनं आतली नळी चेपली की ती लंबगोल होते. दोन जागी घासते, बाकीच्या जागी फट पडते आणि हवा गळते. टेपचे तुकडे सुटून थेट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे बोटांनी दाबायच्या खटक्यांमध्ये, जातात. डाग देऊन (सोल्डर करून) स्लाइड कायमची बसवणारेही आहेत, त्यांना काय म्हणावं! मे महिन्याच्या उन्हात वाद्यातली हवा तापते, सूर चढतो. तो उतरवायला स्लाइडच बाहेर ओढावी लागते.

आधी परीक्षा घ्या. व्हॉल्व्हला जोडलेली छोटी स्लाइड, तो व्हॉल्व्ह न दाबता, झटक्यात ओढा. 'पॉक' वाजलं तर हवा धरतेय; नुसती सैल असेल तर जुनं ग्रीस पुसून लॅनोलिनसारखं घट्ट ग्रीस लावलं की झालं. मुख्य, म्हणजे ट्यूनिंग स्लाइडला ही परीक्षा लागू नाही, तिचा मार्ग उघडाच असतो. मात्र ती स्वतःच्या वजनानं घसरत असेल आणि घट्ट ग्रीसनंही थांबत नसेल, तर कारागिराकडून आतली नळी आतून फुगवून घ्या. त्याचं वेगळं हत्यार असतं.