शुश्रूषा-नोंदींतील सचोटी

परिचारिकेने रुग्णाविषयी स्वतः पाहिले, मोजले आणि केले तेवढेच, ते घडले त्या वेळेसह केस पेपरवर लिहिणे आणि जे मोजलेले नाही त्याची जागा अंदाजाने न भरणे, याला शुश्रूषा-नोंदींतील सचोटी म्हणतात. तापमान, नाडी आणि श्वसनाचा टीपीआर चार्ट, रुग्णाच्या पोटात किंवा सलाईनने गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवांचा इनटेक-आउटपुट चार्ट, औषधांचा चार्ट, प्रसूतिकक्षातील पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकते ते दाखवणारा आलेख) आणि पाळी बदलताना ‘ओव्हर’ देण्यासाठी, म्हणजे पुढच्या परिचारिकेकडे रुग्ण सोपवण्यासाठी, लिहिलेले रिपोर्ट बुक ही या नोंदींची नेहमीची रूपे होत.

या सचोटीवरचा सर्वांत मोठा ताण वेळेचा असतो. तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब नीट पाहायला एका रुग्णामागे चार मिनिटे धरली, तर तीस खाटांच्या कक्षाला दोन तास लागतात. पण चार्टवर छापलेला रकाना ‘सकाळी ६’ एवढाच असतो. शेवटच्या खाटेचा रक्तदाब जवळपास आठला घेतलेला असूनही तो सहाच्या रकान्यात जातो, म्हणजे खोटेपणाची सुरुवात पुष्कळदा माणसाआधी कागदाच्या रचनेत झालेली असते. श्वसनगतीचे तर सर्रास असे होते. ती पूर्ण मिनिटभर मोजायची असते, म्हणून घाईत सगळ्यांच्या नावापुढे १८ किंवा २० लिहिले जाते. प्रत्यक्षात रुग्ण बिघडत असल्याची चाहूल अनेकदा सर्वांत आधी याच आकड्यातून लागते, त्यामुळे हा आकडा अंदाजाने लिहिणे सर्वांत घातक म्हटले पाहिजे.

पार्टोग्राफच्या बाबतीत हेच अधिक गंभीर होते. प्रचलित सुधारित पार्टोग्राफमध्ये गर्भाशयमुख ४ सेंटिमीटर उघडल्यापासून नोंद सुरू करून बाळाचे हृदयाचे ठोके दर अर्ध्या तासाने लिहायचे असतात, आणि प्रसूती रेंगाळल्यास आलेख इशारारेषा ओलांडून ते दाखवून देतो. बाळंतपण उरकल्यावर एका बैठकीत भरलेला पार्टोग्राफ मात्र नेहमीच सुरेख दिसतो, आणि ज्या बाईसाठी तो काढायचा होता तिला त्याचा काडीचा उपयोग झालेला नसतो.

सोलापुरात या प्रश्नाला भाषेची बाजूही आहे. शहराच्या पूर्व भागातील विणकर कुटुंबे घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड सर्रास ऐकू येते, आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘सिव्हिल’मध्ये, शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. म्हातारी ‘नोप्पि’ किंवा ‘नोवु’ म्हणते, सोबतची सून ‘दुखतंय’ असे सांगते आणि कागदावर एखादा इंग्रजी शब्द उतरतो. या प्रवासात दुखणे कुठे, कधीपासून आणि कसे हे सहज गळून पडते. अशा वेळी ‘सुनेने सांगितल्यानुसार’ एवढे दोन शब्द लिहिणे हीसुद्धा सचोटीच होय. रुग्णाला न कळलेल्या भाषेतील संमतिपत्रावर त्याचा अंगठा घेऊन परिचारिकेला साक्षीदार म्हणून सही करायला सांगणे हा याच प्रकारातला, पण फारसा बोलला न जाणारा दबाव आहे.

वरिष्ठांकडून येणारा दबाव वेगळ्या जातीचा असतो. रात्री दोनला कॉल दिला आणि डॉक्टर साडेतीनला आले, तर कॉलची वेळ पुढे सरकवायला सांगितले जाते. कंत्राटावर काम करणाऱ्या तरुण परिचारिकेला नाही म्हणणे सोपे नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आल्यापासून केस पेपरला पुरावा म्हणून फार वजन आले. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपायची आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्यायची असतात; फाईल ‘पूर्ण करून’ घेण्याचा आग्रह नेमका याच मुदतीत वाढतो. ‘लिहिले नाही ते केले नाही’ हे प्रशिक्षणातले वाक्य नोंदी ठेवायला शिकवते खरे, पण त्याचाच उलटा अर्थ लावून न केलेलेही लिहून ठेवण्याची सवय लागते.

चूक दुरुस्त करण्याची रीत सोपी आहे. चुकीच्या शब्दावर तो वाचता येईल अशी एकच रेघ मारावी, शेजारी सही, तारीख आणि वेळ घालावी. व्हाइटनर लावू नये, पान बदलू नये. उशिरा लिहिलेल्या नोंदीत घटना घडल्याची आणि लिहिल्याची अशा दोन्ही वेळा द्याव्यात.

सकाळच्या फेरीत परिसेविका, म्हणजे कक्षाची प्रमुख परिचारिका, बहुधा रिकामे रकाने शोधते, आणि जाब विचारला जातो तोही रिकाम्या रकान्याचा. खोट्या भरलेल्या रकान्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. ‘पहाटे २ चा रक्तदाब घेता आला नाही, शेजारचा रुग्ण अत्यवस्थ, कक्षात एकच परिचारिका’ अशी नोंद करणाऱ्या अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला) म्हणून बोलणी खावी लागतात, आणि कक्षात मनुष्यबळ अपुरे असल्याचा त्या रात्रीचा लेखी पुरावा मात्र बहुतेक वेळा तेवढ्या एका ओळीतच असतो.